बेटावर भरून ठेवलेलं पाणी

मॉरिशसहून आले तेव्हापासून जो भेटतो तो समुद्राचं विचारतो. केवढा असतो, निळा असतो की हिरवा, भीती वाटते का. मी समुद्र पाहिला, पण खरं सांगते, त्याचं आणि माझं फारसं जमलं नाही. मला आठवतं ते तिथलं नळाचं पाणी. त्या पाण्यापायी मी परदेशात चारचौघांसमोर रडले, एका शेजारणीशी कडाकडा भांडले, आणि तिथून पळून यायची तयारी झालेली असताना मागे राहिले तीही त्याच्यामुळेच. तेव्हा समुद्रासाठी वाचायला बसलेल्यांनी मला माफ करावं.

मी तेव्हा जालन्याला बी.एड. करत होते. घर जाफराबादचं, शेतीवाल्यांचं. मोबाईल अजून आले नव्हते, गावात फोन होता तो वाण्याच्या दुकानात. कॉलेजात एका संस्थेचं पत्र आलं की मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबांतल्या मुलांना मराठी शिकवायला तीन महिन्यांसाठी विद्यार्थी-शिक्षक पाहिजेत. पिढ्यान् पिढ्यांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या लोकांची ही पणतवंडं. प्राचार्य म्हणाले, तिथले तास सराव पाठ म्हणून धरू. अख्ख्या वर्गातून अर्ज केला मी एकटीने. यात धाडस वगैरे काही नव्हतं. खोलीतल्या दोघी मैत्रिणींशी माझं पाण्यावरून वाजलं होतं. आठवड्याने आलेलं नळाचं पाणी एकीने केस धुण्यात उडवलं आणि मी तिला नाही नाही ते बोलले. त्यानंतर महिनाभर खोलीत अबोला होता. जाऊ लांब कुठंतरी, असं झालं होतं मला.

 घरी सांगितलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून म्हणाले, "जायचं तं जा. पण तीन महिने म्हंजी बराबर तीन महिने. मधातूनच पळून येऊ नको. लोकं इचारतील तं मी काय सांगू?"

"न्हाई येत पळून," मी म्हटलं. तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं.

उसातलं गाव

बेट विमानातून आधी दिसलं ते उसाचं. ऊस मला नवा नव्हता, पण आपल्याकडे उसाला विहिरीची मोटर लागते, बारी लागते, भाऊबंदकी लागते. तिथे तो नुसता आकाशाकडे बघून वाढत होता. विमानतळावर माझा पासपोर्ट पाहून एका बाईंनी आरोग्य खात्याची चिठ्ठी हातात दिली आणि कुठे राहणार ते लिहून घेतलं. भारतातून आलेल्यांचं मलेरियासाठी रक्त तपासतात म्हणे. बेटावरून मलेरिया हद्दपार केलाय आणि तो आमच्यासारख्यांच्या अंगातून परत येईल ही त्यांना धास्ती. मला राग आला. मी काय डास घेऊन आले होते?

घ्यायला राघोजीकाका आले होते. ते मराठी वर्गाचे सेक्रेटरी, साठी ओलांडलेले, साखर कारखान्यातून निवृत्त. त्यांची मराठी त्यांच्या आजीकडून कानावर पडली तेवढीच, आणि ते ती एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखी बोलत. बसमध्ये त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"तुम्ही किती दिवस?"

"तीन महिने."

"हां," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

त्या "हां"चा अर्थ मला पहिल्या शनिवारी कळला. देवळाच्या मागे सिमेंटचा एक हॉल होता, तिथे शनिवारी आणि दोन संध्याकाळी वर्ग भरे. हॉलच्या पाठीमागच्या खोलीत मी राहायचे. वर्गात अकरा मुलं होती. घरी सगळी क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंच वळणाची बोली, बोलत, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, आणि मराठी आरतीपुरती. पहिल्याच तासाला अनुषा नावाच्या दहा वर्षांच्या मुलीने हात वर केला. मला वाटलं धड्याबद्दल काही शंका असेल.

"मिस, तू कधी जाणार?"

माझ्याआधी भारतातून दोन शिक्षक येऊन गेले होते. एक सर सव्वा महिना टिकले, एक बाई तीन आठवडे. दोघांनी तीन महिन्यांचं कबूल केलं होतं आणि दोघांनीही घरच्या आजारपणाचं कारण सांगितलं होतं. राघोजीकाकांनी मला हे सरळ सांगितलं. "आता तुम्हीपण गेलात ना, तर वर्ग बंद. मुलांना खोटं किती सांगायचं?"

म्हणजे तीन महिने पुरे करायचे होते ते आता फक्त आण्णांसाठी नव्हते.

मी जालन्याहून चित्रं चिकटवायचा फ्लॅनेलचा फळा आणि चित्रं घेऊन गेले होते. बैलगाडी, जातं, विहीर. पाठाच्या टाचणात लिहिल्याप्रमाणे प्रस्तावना केली आणि विहिरीचं चित्र लावलं. मुलं बघत राहिली. एकाने विचारलं, पाणी खड्ड्यात का ठेवलंय? मी समजावून सांगितलं की ठेवलेलं नाही, ते तिथेच असतं, आपण पोहऱ्याने वर ओढतो. "मग नळ का नाही उघडत?" यावर माझ्या टाचणात उत्तर नव्हतं. बी.एड.च्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात नऊ मुलं आली, तिसऱ्यात सात.

रक्ताचा थेंब

त्या बेटावर सगळंच ओलं. मायने बांधून दिलेल्या ज्वारीच्या पिठात दहा दिवसांत अळ्या झाल्या. मिठाचा गोळा झाला, काडेपेटी पेटेना, धुतलेला ड्रेस तीन दिवस दमट राही. आपल्याकडे कपडे वाळत घालून चहा टाकेपर्यंत कडक होतात. लोक चांगले होते. रस्त्यात दिसेल तो "बोंझूर" म्हणे, कुणी डालपुरी आणून देई. ही आपल्या पुरणपोळीची अळणी बहीण, आत वाटली डाळ आणि वर टोमॅटोचा रस्सा. पण देऊन माणूस निघून जाई. दारात उभं राहून दोन गोष्टी करणं, "काय भाजी केली" विचारणं, तेवढ्यात तिसऱ्या बाईने येऊन त्यात तोंड घालणं, हे तिथे नव्हतं. संध्याकाळी दारं लागत आणि आतून टीव्हीचा फ्रेंच आवाज येई. मी भिंतीला पाठ लावून बसे आणि उद्याचं टाचण काढे, सात मुलांसाठी.

पहाटे पाचला मला आपोआप जाग यायची. पाणी यायची वेळ! उठून बसल्यावर आठवे की इथे पाणी जात नाही. तरी मी नळ सोडून भरायला बसे. दोन बादल्या, टब, तीन पातेली. नंतर देवळामागे पडलेले बिस्किटांचे पत्र्याचे डबे घासून आणले आणि तेही भरले. खोलीच्या मागच्या भिंतीशी ओळीने मांडून ठेवले. गरज काडीची नव्हती. पण भरलेली भांडी पाहिली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

राजेन पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला दारातच ठेवलं होतं. तो आरोग्य खात्याचा माणूस, तिशीचा, सायकलवर चामड्याची बॅग लावून येणारा. सिनेमे बघून शिकलेली त्याची हिंदी झोकदार होती. बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घेई आणि वही काढून विचारी, "बुखार? सरदर्द? नींद?"

दुसऱ्या खेपेला मी त्याची वाट पाहत होते. लाज वाटते सांगायला, पण त्या बेटावर दारात येऊन माझी विचारपूस करणारा तो एकटाच होता. मी हरभऱ्याच्या डाळीची मिरची घातलेली भजी आणून ठेवली होती, तिथल्या टपऱ्यांवर मिळतात, आपल्या डाळवड्यासारखी. ड्यूटीवर खात नाही म्हणाला. "नींद?" असं त्याने विचारल्यावर मी सांगायला लागले की झोप लागते पण पहाटे मोडते, मग घर आठवतं, मग परत लागत नाही. तो पेन धरून ऐकत राहिला. शेवटी संकोचून म्हणाला, "बहनजी, इसमें सिर्फ हाँ या ना लिखना है."

मग तो हात धुवायला मागे गेला आणि तिथेच थांबला.

"बहनजी, ये सब क्या है?"

"पानी."

"वो तो मैं भी देख रहा हूँ. किसके लिए?"

"नल चला गया तो?"

"नल कहाँ जाएगा?"

त्याने एक डबा उन्हाकडे तिरका करून मला दाखवला. आत बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. मागच्या डब्यांचं पाणी मी बदललंच नव्हतं. साऱ्या बेटाने वर्षानुवर्षं डासांशी लढून जे मिळवलं होतं ते मी भिंतीशी ओळीने मांडलेल्या डब्यांत परत वाढवत होते. राजेन रागावला नाही. त्याने बाह्या सरसावल्या आणि एकेक भांडं उचलून गवतात ओतायला सुरुवात केली.

मला कळत होतं की त्याचं बरोबर आहे. पण डोळ्यांदेखत कुणी भरलेलं पाणी ओतून देतंय हे माझ्या जन्मात मी पाहिलं नव्हतं. पहिली बादली गेली तेव्हा मी "अहो, अहो!" म्हणाले, दुसरीला त्याचा हात धरला, आणि टब उपडा झाला तेव्हा तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडले. देवळात आलेली माणसं बघायला जमली. राजेनला काही समजेना. तो रिकामा टब धरून उभा राहिला आणि परत परत म्हणत राहिला, "पानी है, बहनजी, नल में बहुत पानी है."

जाताना मात्र त्याने बजावलं की पाणी भरायचंच असेल तर झाकण ठेवायचं, आणि दोन दिवसांवर ठेवायचं नाही.

रविवार

रविवारी सगळं गाव समुद्रावर जाई. घरचे टोप, भाताची पातेली, आजीबाईंना बसायला खुर्ची, सगळं घेऊन. झाडांच्या सावलीत चादरी टाकून दिवसभर खाणं आणि गाणं. मीही जाई. पंजाबी ड्रेस घालून वाळूत बसे. पाणी खरंच दाखवण्यासारखं होतं. जवळ हिरवं, मग निळं, आणि लांब जिथे खडकांवर लाटा फुटत तिथे पांढरी रेघ. पण हे बघ म्हणायला शेजारी कुणी नसलं की पाच मिनिटांत बघून होतं. मला सारखं वाटे, एवढं पाणी आणि त्याचा पिण्याला उपयोग नाही. कुणाच्या चादरीवर जाऊन बसावं तर बोलावलं पाहिजे, आणि आपणहून जाणं मला जमत नाही. हेकटपणा माझा, दुसरं काय. चार वाजता मी उठून परतीची बस धरी.

दीड महिना झाला तेव्हा वर्गात चार मुलं उरली होती. त्या रविवारी तिथल्या एका दुकानातून गावच्या वाण्याकडे फोन लावला. पाच मिनिटांनी धावत आलेल्या मायचा दम ऐकू आला.

"पानी हाये का तिथं?" तिचा पहिला प्रश्न.

"हाये माय. चोवीस तास हाये."

 तिला ते खरं वाटलं नसावं. तेवढ्यात माझा हुंदका तिला ऐकू गेला.

"चोवीस तास पानी हाये, मंग रडून कामून राह्यली?"

 कुणाला सांगता येईल? मी म्हटलं, माय, मी येते परत. तिने फोन न ठेवता बाजूला कुणाला तरी विचारलं, बहुतेक आण्णा मागून आले होते. मग म्हणाली, "ये. आम्ही काय न्हाई म्हणून राह्यलो का? तुझे आण्णा म्हणतेत, सांगून ये लोकांला बराबर. चोरावानी येऊ नको."

दुसऱ्या दिवशी मी राघोजीकाकांकडे गेले. ते वांग्याच्या वाफ्यात खुरपत होते. मी घरच्या आजारपणाचं कारण सांगितलं नाही, एवढीच माझी फुशारकी. म्हटलं, काका, मला इथे फार एकटं वाटतं. मला जायचंय.

"हां," ते म्हणाले. खुरपं खाली ठेवून त्यांनी हात झटकले. "तुम्ही दीड महिना राह्यलात. सगळ्यात जास्त."

चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आत नेऊन चहा पाजला. तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारच्या विमानात जागा मिळाली. शनिवारी त्यांनी स्वतः मुलांना सांगितलं की मिस जाणार आणि वर्ग आता बंद.  अनुषाने दप्तर भरलं आणि माझ्याकडे न बघता गेली.

लाल झेंडे

त्यानंतर चारच दिवसांनी पोलीस चौकीवर लाल झेंडा चढला. एक झेंडा म्हणजे वादळ लांब आहे, जसजसे झेंडे वाढतील तसतसं जवळ. रेडिओवरून सांगू लागले की खिडक्यांना फळ्या ठोका आणि पाणी भरून ठेवा. हे ऐकून मला मोठ्याने हसू आलं. मी सगळी भांडी काढली, भरली, आणि प्रत्येकावर झाकण ठेवून फडक्याने बांधलं.

वादळाबद्दल फार लिहीत नाही, कारण मी ते पाहिलंच नाही. पत्र्याच्या घरांतली माणसं आमच्या हॉलमध्ये आली होती आणि आम्ही सगळे फळ्या ठोकलेल्या खिडक्यांआड बसून फक्त आवाज ऐकत होतो. बाहेर आलो तेव्हा ऊस जमिनीला टेकला होता आणि झाडांवर पान राहिलं नव्हतं. वीज नव्हती, आणि नळ उघडला तर सूं करून नुसती हवा आली. तो आवाज ऐकून, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

साठवलेलं पाणी लोकांनी दोन दिवसांत संपवलं. त्यांना पाणी पुरवायची सवय नव्हती. माझं चार दिवस गेलं. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी खंगाळायची, अंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायची. पाचव्या दिवशी सकाळी देवळासमोर टँकर आला आणि साऱ्या गावाने त्याच्यावर धाव घेतली. एकच नळी, आणि तिच्याभोवती पन्नास बादल्या. अर्धं पाणी चिखलात. शेजारची मारी, मासे विकणारी दांडगी क्रिओल बाई, दोन्ही कोपरांनी वाट काढत पुढे घुसली आणि एका म्हाताऱ्याची बादली लवंडली.

वर्गात माझा आवाज पुस्तकी असतो. त्या क्षणी जो निघाला तो जाफराबादच्या टँकरवरचा होता.

"ए बाई! मागं हो! पानी काय तुझ्या एकटीचं हाये का? नंबरानं घ्या सगळे!"

मारी क्रिओलमध्ये उत्तर देती झाली. मी मराठीत. दोघींनाही एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघींनाही सगळं समजत होतं. टँकरवाल्याने नळी बंद केली आणि मजा बघत बसला. मी मारीची बादली उचलून म्हाताऱ्याच्या बादलीमागे ठेवली, तिच्यामागे माझी ठेवली, आणि हाताने दाखवलं: अशी. आपल्याकडे माणसं रांगेत उभी राहत नाहीत, भांडी उभी राहतात. भांडं ठेवायचं आणि सावलीत बसायचं. आपला नंबर आला की उठायचं. हे शास्त्र तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, पण उन्हात त्यांना ते चटकन पटलं. मी खडू आणून प्रत्येक बादलीवर आकडा टाकला.

एक, दोन, तीन, सगळे देवनागरीत. साठ भांड्यांवर टाकून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे आकडे अख्ख्या गावात कुणाला वाचता येत नाहीत. लोक आपापल्या बादलीकडे बघून एकमेकांना विचारू लागले. राघोजीकाका बादली घेऊन माझ्याजवळ आले.

"माझा कितवा?"

"लिहिलाय ना काका. सदतीस."

"हां हां. चष्मा घरी राह्यला," ते म्हणाले आणि बादली उचलून गेले.

पुसून इंग्रजी आकडे टाकावेत म्हणून मी फडकं शोधत होते, तेवढ्यात अनुषा मारीच्या बादलीसमोर उभी राहून ओरडली, "दोन! मारी, तू दोन!" मग तिला उधाणच आलं. ती रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत नंबर पुकारू लागली. एकोणतीसशी अडली की माझ्याकडे बघे, मी सांगे, ती ओरडे. तिचं पाहून बाकीची मुलं आली, वर्ग सोडलेलीसुद्धा. मोठी माणसं मुलांना विचारून आपला नंबर पाठ करू लागली. मारी दिवसभर स्वतःच्या छातीवर बोट ठेवून "दोन, दोन" म्हणत हिंडत होती. दुपारी राजेन पाण्यात टाकायच्या गोळ्या घेऊन आला. त्याने रांग पाहिली, मला पाहिलं, आणि एकच विचारलं, "ढक्कन?" मी प्रत्येकाला झाकण आणायला घरी पाठवलं होतं.

तीन दिवस टँकर आला. ते तीन दिवस मला एकटं वाटलं नाही. बायका माझ्याशेजारी सावलीत बसत, मला न कळणाऱ्या भाषेत बहुतेक सुनांबद्दल सांगत, आणि मी "हो ना" म्हणत असे.

चौथ्या दिवशी नळ आला, वीजही आली. देवळासमोरचं मैदान ओस पडलं. मी दारात उभी राहिले, तर संध्याकाळी सगळ्यांची दारं लागलेली आणि आत टीव्ही चालू. एवढं रिकामं मला आल्या दिवशीही वाटलं नव्हतं. पण पोरांनी पुकारलेले आकडे ऐकल्यावर आता पळून जावंसं वाटत नव्हतं, फक्त रडू येत होतं.

शनिवार

सकाळी मी राघोजीकाकांकडे गेले. ते छपरावर चढून उडालेले पत्रे ठोकत होते. मी खालूनच म्हटलं, "काका, मी थांबते. तीन महिने पुरे करते. तुम्ही मुलांना सांगा ना, शनिवारी वर्ग आहे म्हणून."

त्यांनी दोन खिळे ठोकले.

"मी दोनदा सांगितलंय त्यांना, शिक्षक थांबणार म्हणून. तिसऱ्यांदा तोंडातून निघत नाही. तुम्ही सांगा."

मी अकरा घरी गेले. आपणहून, न बोलावता. प्रत्येक ठिकाणी घर सावरायचं काम चाललं होतं. मला बसवलं, चहा दिला. "हां, मिस, बघू," म्हणाले. अनुषाची आई भिजलेल्या गाद्या उन्हात टाकत होती. तिने हिंदीत विचारलं, "आपका टिकट मंगल का है ना?" तिकीट मंगळवारचंच होतं, ते अजून रद्द केलेलं नव्हतं.  अनुषा दारात आलीसुद्धा नाही.

शनिवारी दोन वाजताच मी हॉल झाडला, बाक पुसले. फळ्यावर तारीख घातली, वार घातला, विषय घातला. चार वाजता वर्ग होता. साडेचारला मी पट उघडला आणि अकरा नावं मोठ्याने वाचली, कारण नियम तसा आहे. प्रत्येक नावापुढे थांबले आणि गैरहजेरी मांडली. पाच वाजले. कुठूनतरी हातोड्याचे आवाज येत होते. मी मनाशी ठरवलं, सहापर्यंत कुणी आलं नाही तर मंगळवारी जायचं. शिकायलाच कुणी नाही तर थांबून करायचं काय? भांडी भरून बसायचं? साडेपाच वाजले. मी खडू, डस्टर आणि चित्रं पिशवीत भरायला लागले.

पावणेसहाला दारात चपला काढल्याचा आवाज झाला. राघोजीकाका होते. धुतलेला शर्ट, केसांना तेल, हातात नवी वही. ते आत आले आणि पहिल्या बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, गुडघे मावेनात, तर पाय बाहेर काढून बसले.

"काका, कुणी आलं नाही."

"मी आलो ना."

"तुम्ही? तुम्ही कशाला?"

त्यांनी वही उघडली आणि पहिलं पान तळहाताने सारखं केलं. "अकरा वर्षं हा वर्ग चालवतोय. अक्षर एक येत नाही मला. कारखान्यात सही इंग्रजीत केली, चाललं. आरत्या ऐकून पाठ, शिक्षक नसले की मुलांकडून त्याच म्हणवून घेतल्या. लोकांना वाटतं, सेक्रेटरी आहे म्हणजे येतच असेल. परवा पाण्यावर लहान लहान पोरं नंबर वाचत होती, आणि मी चष्म्याचं खोटं बोललो." मग थोडं थांबून म्हणाले, "मुलांसमोर लाज वाटते. आज कुणी नाही, बरं झालं. पटावर माझं नाव घाला. एक नाव असलं तरी वर्ग चालू राहतो ना?"

 मी पिशवीतून पट परत काढला आणि अकराव्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं. हजेरी घ्यायची, पण एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावाने हाक कशी मारायची? मी "राघोजीकाका" अशी हाक मारली. ते बाक धरून उठले, ताठ उभे राहिले, दोन्ही हात शर्टाच्या शिवणीला लावले आणि म्हणाले, "हजर."

मग मी फळ्यावर मोठा र काढून दाखवला. त्यांचा पहिला र उलटा आला, दुसरा आडवा झाला. सहा वाजले तेव्हा आम्ही तिसऱ्या ओळीत होतो, आणि मंगळवारचं विमान माझ्याशिवाय जाणार होतं.